बौद्धिक अक्षम मूल १८ वर्षांचे झाले की त्याचे पालक कोण?

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलालाही हाच नियम लागू आहे. त्याला सुटे पैसे मोजता येत नसतील, एकट्याने रस्ता ओलांडता येत नसेल, तरी त्या दिवसापासून आई-वडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. अनेक घरांना हे पहिल्यांदा कळते ते बँकेत किंवा तलाठी कार्यालयात, जेव्हा 'मुलाच्या वतीने सही कोण करणार?' असा प्रश्न येतो.

बौद्धिक अक्षमता म्हणजे काय?

समजणे, शिकणे, अडचण सोडवणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे या गोष्टींत लहानपणापासून असलेली मोठी मर्यादा म्हणजे बौद्धिक अक्षमता. हा मानसिक आजार नाही. औषधाने ती जात नाही, पण अंघोळ, कपडे घालणे, जेवण वाढून घेणे अशी कामे लहान टप्प्यांत रोज शिकवली तर अनेक मुले ती स्वतः करू लागतात. 'मतिमंद' हा जुना शब्द आता टाळला जातो.

पालकत्व कसे मिळते?

यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना तो लागू होतो. या कायद्याखाली स्थानिक स्तर समित्या असतात. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-वडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

पालक नेमायची खरोखर गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे, हे समितीला पाहावे लागते. सौम्य अक्षमता असलेल्या अनेकांना थोडी मदत पुरते. त्यामुळे मुलाला काय कळते, काय आवडते, हे घरातही विचारत राहा.

पालकाने काय करायचे?

नेमणुकीनंतर ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची यादी द्यावी लागते. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशोब द्यावा लागतो. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्तेचा गैरवापर केला, तर त्याला काढताही येते.

'आमच्यानंतर काय?'

आई-वडिलांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हाच. त्याची तयारी हयातीतच करता येते.

• भावंडांना गृहीत धरू नका. 'तूच बघशील ना' असे लहानपणापासून ऐकलेल्या बहिणीला किंवा भावाला आपली अडचण बोलता येत नाही. कोण किती करू शकेल, हे मोकळेपणाने विचारा.

• वाटणीत त्याचे नाव गाळू नका. हिंदू वारसा कायद्यानुसार आजार किंवा व्यंगामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. अर्थ न समजणाऱ्या मुलाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला, तर त्याला पुढे न्यायालयात आव्हान मिळू शकते.

• मृत्युपत्र करा. मालमत्ता थेट मुलाच्या नावे करण्याऐवजी त्याच्या देखभालीसाठी ट्रस्ट करण्याचा पर्यायही वकिलाला विचारा.

• केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, तर मुलाचे नाव सेवा नोंदीत आणि पेन्शनच्या कागदांत वेळीच लावा. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला नियमांनुसार आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते.

• राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. त्याची चौकशी करा.

• एक वही लिहा. औषधे किती वाजता, झोपताना काय लागते, कशाची भीती वाटते, पोट दुखते तेव्हा तो ते कसे दाखवतो. आईलाच माहीत असलेल्या या गोष्टी उद्या दुसऱ्या कोणाला तरी लागणार आहेत.

मूल १७ वर्षांचे झाले की कागदपत्रे गोळा करायला घ्या. १८ वर्षे आधीच उलटली असतील, तरी आई-वडील आजही अर्ज करू शकतात.