पाणंदीवरची फटफटी: लोखंडी नांगरापासून घरच्या लेथपर्यंत

थ्रेड 🧵

सातारा-सांगलीकडे एखाद्या घराच्या पडवीत पन्नास वर्षांपूर्वीची जावा किंवा राजदूत सुटी करून मांडलेली दिसते, तेव्हा पाहणाऱ्याला तो एका हौशी माणसाचा खेळ वाटतो. मात्र तिचा झिजलेला सिलिंडर शेजारच्या गावात सहज बोअर करून मिळतो, आणि या सहजतेला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. त्याचा आरंभ लोखंडी नांगरापासून होतो.

आज हे दोन जिल्हे आहेत. पण १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी येथे ब्रिटिश मुलूख आणि औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. पुढील कथेतील दोन कारखाने अशाच दोन वेगळ्या राजवटींत, परंतु पुणे-मिरज या एकाच लोहमार्गालगत उभे राहिले.

पहिला कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. त्यांच्या उद्योगाचा उगम दुचाकीच्या दुकानात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. बेळगावची जागा नगरविस्तारासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. ओतकामाची भट्टी थंडावण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. ही हकिकत बहुधा भावनेच्या अंगाने सांगितली जाते. तिची कारागिरीची बाजूही तितकीच मोलाची आहे: जुने ओतीव लोखंड फोडणे, वितळवणे, त्याला नवा साचा देणे हे काम माळावर वाढलेल्या माणसांच्या अंगवळणी पडले. भंगाराकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची दृष्टी येथे तेव्हापासूनची आहे.

दुसरा कारखाना सातारा रोडचा. सर धनजीशा कूपर यांचे नाव राजकीय इतिहासाच्या वाचकांना १९३७ मधील मुंबई प्रांताच्या अल्पजीवी मंत्रिमंडळाचे प्रमुख म्हणून परिचित असते. त्यांनी १९२२ मध्ये येथे अभियांत्रिकी कारखाना काढला. तेथेही नांगर बनले. पुढे डिझेल इंजिने बनू लागली, आणि भारतातील डिझेल इंजिनांच्या इतिहासात कूपरचे नाव अगदी आरंभीच्या पानांवर येते.

कृष्णा, वारणा, येरळा यांच्या काठांनी विहिरींवर इंजिने बसली. ऐन उसाला पाणी देताना इंजिन बंद पडले, तर कारखान्याच्या माणसाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव यांसारख्या बाजारगावांत लेथ आले. कोणी कारखान्यात टर्नर म्हणून हात बसवून गावी परतला, कोणी फिटर म्हणून. लायनर बदलणे, बुश काढून नवे ठोकणे, शाफ्ट सरळ करणे ही कामे शहराबाहेर होऊ लागली. लेथही देशी मिळू लागले होते. किर्लोस्करांनीच १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रे बनवणारी कंपनी उभारली. त्याच म्हैसूर संस्थानाच्या राजधानीत वीस वर्षांनी जावा बनू लागली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता फटफटीकडे.

युरोपात खडतर वाटांवरच्या मोटरसायकल स्पर्धांना मोठी परंपरा आहे. ‘सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी’ १९१३ मध्ये इंग्लंडातील कार्लाइल येथे सुरू झाली. शेताडांतून, टेकड्यांवरून धावणाऱ्या मोटोक्रॉसच्या ५०० सीसी गटाला १९५७ मध्ये आणि २५० सीसी गटाला १९६२ मध्ये जागतिक विजेतेपदाचा दर्जा मिळाला. १९६४ मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने चेकोस्लोव्हाकियाच्या ‘सीझेड’वर २५० सीसीचे विजेतेपद पटकावले, पुढल्या वर्षी तेच यश सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर आर्बेकोव्हने त्याच बनावटीच्या गाडीवर मिळवले. हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांनी अवजड फोर-स्ट्रोक गाड्यांना मागे टाकले तो हा काळ.

भारतात मात्र आयातीवर कडक निर्बंध होते. सीझेड किंवा हस्कवार्ना यांसारखी खास माळरानासाठी घडवलेली गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यातच नव्हती. आले ते त्यांचे साधे भाऊबंद. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेक परवान्यावर २५० सीसीची जावा बनवली. पुढे तिचीच येझदी झाली आणि कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली. १७३ सीसी, तीन गिअर, एक सिलिंडर. मद्रासची बुलेट १९५५ पासून होतीच. या तिन्ही रस्त्यावरच्या गाड्या होत्या.

त्यांना ‘ऑफ-रोड’ केले ते येथल्या रस्त्यांनी. पाटण-जावळीकडे चार महिने कोसळणारा पाऊस आणि लाल चिखल, जत-आटपाडीकडे दगडगोट्यांचा माळ, कृष्णाकाठी काळ्या रानातून जाणारी पाणंद. पावसाळ्यात पाणंदीतून बैलगाडी जिथे आसापर्यंत रुतायची, तिथून दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेली राजदूत बाहेर पडायची. भिलवडीच्या चितळ्यांची डेअरी १९३९ पासूनची. सहकारी दूध संघ नंतर आले. पहाटे संकलन केंद्रावर दूध वेळेत पोचले नाही तर ते नासणार, हे गणित राजदूतच्या प्रत्येक फेरीमागे होते. युरोपातल्या स्पर्धेत चिखलात गाडी घालणाऱ्याला पदक मिळे. येथे त्याला दुधाचे पैसे मिळत, आणि तेही दूध फाटले नसेल तर!

म्हणून ‘भारतात जुन्या ऑफ-रोड मोटरसायकली नव्हत्याच’ हे विधान कंपन्यांच्या माहितीपत्रकांपुरतेच खरे आहे. गावच्या मिस्त्रीने मागचे चेनसॉकेट मोठ्या दात्यांचे बसवून चढाची ओढ वाढवली, चिखलात अडकणारा मडगार्ड वर घेतला, कॅनसाठी चौकटीला लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. यांतली प्रत्येक दुरुस्ती त्या वाटेने मागून घेतलेली होती.

अशी गाडी आज पुन्हा उभी करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

मुख्य दुखणे बहुतेकदा सिलिंडरमध्ये असते. पिस्टन वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासतो, त्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल होते. डोळ्यांना ते दिसत नाही. बोअर गेज आडवे-उभे फिरवून फरक मोजावा लागतो. मग सिलिंडर थोडा मोठा बोअर करायचा आणि त्या मापाचा, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर वाढीव पिस्टन घालायचा. कष्टात आयुष्य गेलेल्या राजदूतची ही सारी मापे आधीच संपलेली असतात. मग उरतो एकच उपाय: सिलिंडरमध्ये नवे लायनर ठोकणे.

येथेच विहिरीवरच्या इंजिनाचा वारसा उपयोगी पडतो, आणि येथेच तो अपुराही ठरतो. पाण्याच्या इंजिनाचे लायनर म्हणजे साधी नळी. टू-स्ट्रोकच्या लायनरला वायू आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या असतात. त्या मूळ सिलिंडरमधल्या खिडक्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. उंचीत थोडा फरक पडला तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. खिडकीच्या कडा कानशीने गोलसर केल्या नाहीत, तर पिस्टनची रिंग त्यांत अडकून तुटते. उत्तम टर्नरही पहिल्या खेपेस येथे चकतो.

त्यानंतर क्रँक. या गाड्यांचा क्रँक एकसंध नसतो. दोन जड चकत्यांमध्ये दाबून बसवलेली पिन आणि तिच्यावर कनेक्टिंग रॉड अशी रचना असते. प्रेसखाली तो उकलायचा, पिन आणि रोलर बदलायचे, पुन्हा दाबायचे. मग लेथच्या दोन टोकांमध्ये धरून डायल गेज लावायचे आणि तांब्याच्या हातोडीने एकेक टोला देत तो शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ करायचा. तासन्‌तास चालणारे हे काम कानांनी आणि बोटांनी होते. ऑइल सील मात्र नवे हवेतच. जुन्या सीलमधून हवा शिरली की मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि इंजिन चढावर मधेच पकडते.

रंग आणि क्रोम या शेवटच्या गोष्टी, आणि मतभेदही तेथेच सुरू होतात. बहुतेक हौशी मंडळी गाडी कारखान्यातून निघाली तशी करू पाहतात. मूळ छटा, मूळ पट्टे, मूळ बोधचिन्ह. त्यासाठी वेल्ड केलेल्या पट्ट्या ग्राइंडरने कापून जागा घासून गुळगुळीत केली जाते. गाडी देखणी होते, यात शंका नाही. पण दुधाच्या कॅनची पट्टी गेली की ती राजदूत पोलंड आणि हरियाणाची उरते, सांगलीची राहत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती पट्टी हा दस्तऐवज आहे. निदान कापण्यापूर्वी तिची मापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवणे एवढे तरी व्हावे. त्याहून मोठी विपरीत गोष्ट म्हणजे चांगली जुनी गाडी मोडून तिला परदेशी स्क्रॅम्बलरचे खोटे रूप देणे. उंच सायलेन्सर आणि खडबडीत टायर लावून जो इतिहास उभा केला जातो, तो त्या गाडीने कधी पाहिलेलाच नसतो.

घाई करण्याचे कारण वेगळेच आहे. सुटे भाग अजून मिळतात, नवे बनवणारेही आहेत. कमी होत चालले आहेत ते हात. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, रस्त्यावर फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि दाबलेला क्रँक सरळ करण्याचे काम टर्नरकडे येईनासे झाले. जुने मिस्त्री थकले आहेत. त्यांनी कोणती खिडकी किती उंचीवर ठेवली, कोणत्या गाडीला मागे किती दात्यांचे चेनसॉकेट बसवले, हे बहुधा कोणत्याही वहीत नाही. जवळच्या बोअरिंगच्या दुकानात फोन घेऊन बसणाऱ्या तरुणाला आजही एका दुपारीत बरेच काही टिपून घेता येईल.

कागदपत्रांचा प्रश्नही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली दुचाकी त्यांत नोंदवता येते. चौकट किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १९७० च्या दशकातल्या पहिल्या राजदूत आता एकेक करून या वयोमर्यादेत पोचत आहेत. मात्र अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. दुधाच्या फेरीला तर नाहीच.