न्याहारीचे बाक

रंगूनच्या पदपथावर मोहिंगा, म्हणजे मासळीच्या रश्शात सोडलेल्या तांदळाच्या शेवया, परदेशी पांथस्थ भल्या सकाळी स्थानिक हमालाशेजारी बसून खातो, किंवा कोल्हापुरास उतरलेला परगावचा मनुष्य मटकीची उसळ, शेव-चिवडा, कांदा आणि वर ओतलेला तांबडाजर्द कट अशी मिसळ पावाच्या स्लाइसबरोबर खातो, तेव्हा आपली जात कोणी विचारीत नाही, हे त्याला स्वाभाविकच वाटते. कोल्हापुरापुरते बोलायचे, तर हे बाक आपोआप मांडले गेलेले नाही.

1891 साली मिरजेहून आगगाडी येथवर पोहोचली, 1895 साली शाहूपुरीची पेठ वसू लागून गुळाच्या व्यापारास तेथे ठिकाण मिळाले, 1901 पासून विद्यार्थी-वसतिगृहे निघत गेली आणि 1906 साली शाहू मिलची स्थापना झाली. त्यामुळे घरापासून दूर आणि खिशाने बेताचा असा फार मोठा वर्ग शहरात वावरू लागला. अशा माणसास स्वस्त व तयार अन्न हवे होते. पण शिजलेले अन्न आणि पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, याविषयीचे जातिनिर्बंध इतके कठोर होते, की धर्मशाळेत मुक्काम करणाराही आपली चूल स्वतंत्र मांडणे पसंत करी, आणि अस्पृश्य मानलेल्या प्रवाशास तर त्या ओसरीवरही जागा नसे.

अशा या वातावरणात कोल्हापूर संस्थानच्या पागेतील एक नोकर, गंगाराम कांबळे, यांना सवर्णांच्या पाण्याच्या हौदास स्पर्श केला म्हणून मारहाण झाली. संस्थानचे अधिपती शाहू छत्रपती यांनी अपराध्यांना शासन तर केलेच, पण कांबळे यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढण्यास उत्तेजन दिले. ‘सत्यसुधारक’ या नावाच्या त्या दुकानी प्रारंभी कोण फिरकणार? तेव्हा छत्रपती आपली गाडी दारात उभी करवून कांबळे यांच्या हातचा चहा स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. कामाचा कागद घेऊन सहीसाठी आलेल्यांनाही ते तेथेच बोलावीत, असे कोल्हापुरात आजही सांगतात. 1919 साली सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने यांतील अस्पृश्यता बंद करण्याचे हुकूम दरबारातून निघाले. ते हुकूम थोरच होत. तथापि दप्तरातील कागद रयतेच्या जिभेपर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि म्हणून भर रस्त्यात प्राशन केलेला तो चहा मला त्या हुकमांहूनही अधिक परिणामकारक वाटतो. ज्या सत्तेपुढे माना लवत, तिनेच पेला ओठांस लावल्यावर विटाळाची सबब सांगण्याचे धैर्य कोणास होणार!

शाहू छत्रपती 6 मे 1922 रोजी निवर्तले. त्यांचे पहिले स्मारक 1925 साली कोल्हापुरातच, नर्सरी बागेत उभे राहिले. ते उभारण्यात पुढाकार होता तो त्याच चहावाल्या गंगाराम कांबळे यांचा.