समपाद गण (आयसोपोडा)

कवचधारी (क्रस्टेशिया) संधिपाद प्राण्यांचा एक मोठा गण. ‘समान’ व ‘पाय’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ‘आयसोपोडा’ ही संज्ञा बनली आहे. वक्षावरील पायांच्या सामान्यतः सात जोड्या जवळजवळ सारख्या असतात, या लक्षणाची ती द्योतक आहे. या संज्ञेचा इतिहास म्हणजे वर्गीकरणात प्रौढ प्राण्याच्या बाह्य रूपावर कितपत विसंबावे, या प्रश्नाचाही इतिहास होय.

कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये ओनिस्कस या वंशात, ओलसर जागी दगडांखाली राहणाऱ्या वुडलाउससारख्या प्राण्यांबरोबरच देवमाशाच्या त्वचेवरील एका परजीवी प्राण्याचाही समावेश केला होता. कवचधाऱ्यांचा निराळा वर्ग त्यांनी मानला नसल्यामुळे हे सर्व प्राणी पंखहीन कीटकांत गणले गेले. इंग्रज प्राणिवैज्ञानिक विल्यम एल्फर्ड लीच यांनी १८१५ मध्ये, ज्यांचे डोळे देठावर नसतात अशा कवचधाऱ्यांचा गट वेगळा केला. याच सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर आंद्रे लात्रेय (१७६२–१८३३) यांनी अशा प्राण्यांत समपाद व उभयपाद (अँफिपोडा) असे गण मानले. क्यूव्ह्ये यांच्या प्राणिसृष्टीविषयक ग्रंथाच्या १८१७ च्या आवृत्तीतील कीटक व कवचधारी यांचा भाग लात्रेय यांनी लिहिला असून त्यात समपाद गण आढळतो. समपादांचे शरीर बहुधा वरून खाली चपटे असते व श्वसन उदरावरील पानासारख्या उपांगांनी होते. उभयपादांचे शरीर बहुधा दोन्ही बाजूंनी दबलेले असून क्लोम (कल्ले) वक्षावर असतात. देवमाशावरील तो परजीवी आता उभयपाद गणात मोडतो.

पायांच्या साम्यावर आधारलेली ही व्याख्या परजीवी जातींमुळे अडचणीत आली. ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्यूलर यांनी १८६२ मध्ये, खेकड्यासारख्या पोर्सेलाना या प्राण्याच्या शरीरात राहणाऱ्या एंटोनिस्कस या परजीवीचे वर्णन केले. त्याच्या प्रौढ मादीचे शरीर इतके बदललेले असते की, त्यात समान पायांचा मागमूसही राहत नाही. परंतु तिचे डिंभ (प्रौढाशी साम्य नसणारी, स्वतंत्रपणे हालचाल करणारी पूर्व अवस्था) खंडयुक्त व पाय असलेले असून त्यांवरून तिचे समपादांशी असलेले नाते ओळखता येते. १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात म्यूलर यांनी कवचधाऱ्यांच्या विकासातील पुराव्यांच्या आधारे डार्विन यांच्या सिद्धांताचे समर्थन केले. रूपापेक्षा वंशपरंपरा महत्त्वाची, हा विचार त्यामुळे बळावला.

विल्यम टॉमस कॅलमन यांनी १९०४ मध्ये, मादीच्या वक्षाखाली अंडी वाढविणारी शिशुधानी असलेल्या कवचधाऱ्यांचा पेराकॅरिडा हा गट मांडला व समपादांना त्यात स्थान दिले. या गणातील १०,००० हून अधिक जाती ज्ञात असून त्या खोल समुद्रापासून कोरड्या जमिनीपर्यंत आढळतात. नॅथिइडी कुलातील प्रौढांना चालण्याच्या पायांच्या पाचच जोड्या असतात, तरीही ते समपादच होत. संज्ञेचा शब्दार्थ सर्व जातींना लागू पडत नसला, तरी लात्रेय यांनी दिलेले नाव कायम राहिले आहे.