सुट्टी, पण दहा ‘री’पुरती
१८५८ च्या करारांनी जपानच्या खुल्या बंदरांत राहणाऱ्या परदेशीयांना दहा ‘री’, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एवढाच मुक्त संचार दिला होता. त्यापलीकडे परवाना लागे आणि तो प्रकृतिस्वास्थ्य वा शास्त्रीय संशोधनासाठी मिळे. त्यामुळे धडधाकट गिर्यारोहकालाही कागदोपत्री हवापालटच मागावा लागे!

ओसाकाच्या टांकसाळीतील इंग्रज धातुतज्ज्ञ विल्यम गौलंड सुट्ट्यांत डोंगर पालथे घाली. ‘जपानी आल्प्स’ हे नाव त्याचेच. ३,१८० मीटर उंचीच्या यारिगाताकेचा माथा गाठणारा तो पहिला परदेशी. पहिला माणूस मात्र नव्हे. बान्र्यू हा बौद्ध भिक्षू १८२८ मध्येच तेथे मूर्ती स्थापून आला होता.

परवान्याची अट १८९९ मध्ये उठली. नकाशावर गौलंडचेच नाव राहिले.