जुन्या गिटारी आणि त्यांचे वाजविणारे

नाणें, ताम्रपट किंवा मूर्ति यांचें मोल ठरवितांना पुराणवस्तूंचा जाणकार प्रथम एक गोष्ट पाहतो: मधल्या काळांत तिला कोणाचा हात लागला आहे काय? जितका हात कमी, तितकें मोल अधिक. वाद्याला हा नियम लावूं गेलें म्हणजे मोठी पंचाईत होते. हात लागला नाहीं तर तें वाद्यच नव्हे. आणि हात लागला कीं तें झिजूं लागतें. विजेच्या गिटारीचा इतिहास पुरता शंभर वर्षांचाहि नाहीं. परंतु तेवढ्या अवधींत तिचें एक स्वतंत्र पुराणवस्तुशास्त्र उभें राहिलें आहे. त्याचे पंडित आहेत, दलाल आहेत आणि लबाडहि आहेत. ज्या वस्तूच्या खोट्या प्रती निघूं लागल्या ती पुराणवस्तूंच्या पंक्तीस बसली, असें खुशाल समजावें.

हें वाद्य जन्मास आलें तें निव्वळ गरजेपोटीं. अमेरिकेंतील नृत्यगृहांत पितळी वाद्यांच्या आणि ढोलांच्या गदारोळांत गिटारीचा आवाज कोणास ऐकूंच येत नसे. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें रिकनबॅकर व त्याचे भागीदार यांनीं मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची ॲल्युमिनियमची एक गिटार विक्रीस आणली. तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें. तार कांपली कीं वेटोळ्यांत तितकाच कांपरा विद्युत्प्रवाह उत्पन्न व्हावा आणि ध्वनिवर्धकानें तो मोठा करावा, एवढीच ती युक्ति. पुढें १९३९ मध्यें चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमनच्या वाद्यवृंदांत शिरला आणि या वाद्याला साथीच्या रांगेंतून उठवून त्यानें पुढें आणून बसविलें. अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, १९४२ सालीं, तो वारला.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरा महत्त्वाचा पुरुष लिओ फेंडर होय. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्त करणारा हा कारागीर. याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! १९५० सालीं त्यानें सबंध फळीची गिटार बाजारांत आणली आणि १९५४ मध्यें ‘स्ट्रॅटोकॅस्टर’. पोकळ पेटी नाहीं, नक्षी नाहीं. मान सरसानें चिकटविण्याऐवजीं चार स्क्रूंनीं आवळलेली. यांत त्याचा हेतु सरळ होता. मान खराब झाली तर स्क्रू काढून दुसरी बसवावी. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण आज ज्या गिटारीचा एक स्क्रू बदलला असला तरी ग्राहक कपाळाला आंठ्या घालतो, ती घडविणाऱ्यानेंच भाग बदलण्याच्या सोयीसाठीं घडविली होती.

१९६५ च्या आरंभीं फेंडरनें आपला कारखाना सी. बी. एस. या बड्या कंपनीस एक कोटि तीस लक्ष डॉलरांना विकला. त्यानंतरच्या मालाचा दर्जा घसरला अशी वाजविणाऱ्यांची तक्रार सुरू झाली, आणि पेशवाईपूर्वीं व पेशवाईनंतर म्हणावें तसे ‘सी. बी. एस. पूर्वीं’ आणि ‘नंतर’ असे या इतिहासाचे दोन कालखंड पडले.

गिब्सन कंपनीची कथा याहून बोधक आहे. तिची ‘लेस पॉल’ गिटार १९५८ ते १९६० या काळांत लालसर-पिवळ्या रोगणांत निघाली. किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास. खप इतका बेताचा कीं सुमारें दीड हजार नगांनंतर कंपनीनें तो आकारच सोडून दिला. म्हणजे कारखान्याच्या वहींत ही गिटार नापास. तिला पास केलें तें जुन्या मालाच्या दुकानांतून ती उचलणाऱ्या विशीच्या आंतबाहेरच्या पोरांनीं. लंडनच्या एरिक क्लॅप्टननें अशीच एक वापरलेली गिटार घेऊन १९६६ सालीं जॉन मेयॉलच्या मंडळींबरोबर जें ध्वनिमुद्रण केलें, त्यानें तिचा नाद सर्वांच्या कानांत भरला. त्याच वर्षीं ती गिटार चोरीस गेली. १९६८ मध्यें कंपनीला जुना आकार पुन्हां काढावा लागला. आणि आज त्या दीड हजारांपैकीं एकेकीला कित्येक लक्ष डॉलर पडतात.

परंतु माझ्या मतें या साऱ्या शास्त्राची कसोटी पाहणारी गिटार आयर्लंडांतली आहे. त्या देशीं तेव्हां ‘शोबँड’ नांवाचीं गांवोगांव हिंडणारीं पथकें असत. झकपक पोशाख, नाचणाऱ्यांची फर्माईश, आणि परक्यांचीं गाजलेलीं गाणीं जशींच्या तशीं वाजवून दाखविणें हा त्यांचा धंदा. वॉटरफर्डच्या ‘रॉयल शोबँड’मधील एका वादकानें अमेरिकेहून लाल रंगाची स्ट्रॅटोकॅस्टर मागविली होती, आली ती मध्यें पिवळी व कडेला काळवंडत जाणारी. लाल येईपर्यंत त्यानें ती वापरली आणि मग कॉर्क शहरांतील दुकानांत विकावयास ठेवली. १९६३ सालीं रोरी गॅलहर या पंधरा वर्षांच्या मुलानें ती शंभर पौंडांना हप्त्यानें घेतली. त्या काळीं शंभर पौंड म्हणजे त्याच्यासारख्या मुलाच्या घरीं केवढा डोंगर! हप्ते फिटावेत म्हणून तो ‘फोंटाना’ नांवाच्या एका शोबँडमध्यें वाजवूं लागला. ज्या गिटारीवर पुढें त्यानें स्वतःचें संगीत उभें केलें, तिचें कर्ज दुसऱ्यांचीं गाणीं वाजवून फिटावयाचें होतें.

पुढें १९९५ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें ती सोडली नाहीं. डब्लिनमध्यें ती एकदां चोरीला गेली आणि भिजलेल्या स्थितींत परत मिळाली. मैफलीमागून मैफल अंगाच्या घामानें तिचें रोगण उडत गेलें, आणि शेवटीं बहुतेक सारें लांकूड उघडें पडलें. मान वांकली म्हणून कांहीं काळ दुसरी बसविली. पडदे बदलले, पिकअप बदलले, खुंट्या बदलल्या. जुन्या गिटारींच्या बाजाराचा नियम असा कीं, मूळ रोगण गेलें तर किंमत निम्म्यावर येते. आंतील डाक उकलून पुन्हां लावला असेल तर आणखी उतरते. त्या हिशेबानें ही गिटार मोडींतच निघावयाची. पण १७ ऑक्टोबर २०२४ रोजीं लंडनमध्यें बोनहॅम्सच्या लिलावांत तिला ८,८९,४०० पौंड आले.

येथें कोणी म्हणेल कीं ही किंमत गिटारीची नव्हे, गॅलहरच्या नांवाची. मान्य. पण लेस पॉल गिटारीची किंमत तरी दुसऱ्या कशाची आहे? तेथें नांवें अनेकांचीं आहेत, एवढाच भेद. युरोपांतील स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनांपैकीं जवळजवळ सर्वांच्या माना एकोणिसाव्या शतकांत नव्या चालीच्या संगीतासाठीं बदलल्या गेल्या. त्यामुळें त्यांना कोणी भ्रष्ट मानीत नाहीं. आणि मिरजेच्या तंबोऱ्याला तर घोडीवरची जवारी वेळोवेळीं घांसून नव्यानें लावावीच लागते. शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांच्या ज्या घराण्यांनीं तेथें हा धंदा उभा केला, त्यांच्या वंशजांकडे कोणी जुना तंबोरा दुरुस्तीला नेला, तर ‘हात लावूं नका’ अशी अट घालणारा गवई विरळा.

गिटारीचे आजचे धनी पहा. त्यांतले कांहीं निव्वळ सावकार. तिजोरींत ठेवून भाव चढण्याची वाट पाहणारे. त्यांच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. मला चटका लागतो तो दुसऱ्या वर्गाचा: आपल्या गांवच्या रॉक-पथकांत शनिवारीं रात्रीं वाजविणारा, तरुणपणीं घेतलेली गिटार जवळ असलेला, आतां केस पिकलेला गृहस्थ. गिटारीची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत घराएवढी झाली. आतां तिला बाहेर काढावयाची त्याला धास्ती वाटते. गर्दींत कोणाचा धक्का लागेल, पेला सांडेल, गाडींतून चोरी होईल. झिजलेले पडदे बदलावेत तर मूळपणा जातो, न बदलावेत तर सूर लागत नाहीं. शेवटीं ती पेटींत राहते आणि हा नवी नक्कल घेऊन वाजवावयास जातो. या नकलांचाहि धंदा झाला आहे. १९९५ पासून फेंडर कंपनीच मुद्दाम ओरखडलेल्या, गंजविलेल्या नव्या गिटारी विकते. गॅलहरच्या गिटारीची तशी प्रतिकृति निघाली असून, तीवर एका माणसाच्या तीस वर्षांच्या घामाचा नकाशा कारागिरांनीं यथास्थित उतरविला आहे. आणि पंधरा वर्षांच्या ज्या मुलाला आज हप्त्यानें गिटार घ्यावयाची आहे, त्याला १९६१ सालची स्ट्रॅटोकॅस्टर कांचेतूनच पाहावी लागेल.

लिलावांत ती घेणाऱ्या आयर्लंडच्या कंपनीनें ती तेथील राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठींच घेतली होती. तिच्या सहा खुंट्यांपैकीं एक बाकीच्या पांचांहून निराळ्या बनावटीची आहे. ती काढून मूळची बसवावी, असें कोणीं सुचविल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.