पायांची साक्ष

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालून आलेल्या माणसाला 'कशी झाली फेरी?' असे विचारावे, तर तोंडाआधी त्याच्या पोटऱ्याच उत्तर देतात. डोळ्यांनी पाहिलेला डोंगर आणि पायांनी तुडवलेला डोंगर यांत अंतर असते, हे नाशिककरांना सांगायला नको.

त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त त्यांनी चित्राला चालते केले. प्रेक्षक मात्र जागेवरच बसून राहिला. त्याने उठून चित्रात शिरावे, हा पुढचा खटाटोप साता समुद्रांपलीकडे झाला. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे एक यंत्र जगापुढे मांडले. माणूस हलला, की डोळ्यांपुढची रेघांची आकृती त्या बेताने बदले. परंतु यंत्र छताला जोडलेले. सुमारे सहा फूट व्यासाच्या जागेबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती.

पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या मंडळींनी फिरत्या पट्ट्याला सायकलीसारखी मूठ जोडली. पट्ट्यावर पावले टाकावीत, मूठ वळवावी, आणि न बांधलेल्या इमारतीतून खुशाल हिंडावे! १९९९ साली लंडनच्या आणि याच विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन रीती ताडून पाहिल्या : खरेच चालणे, जागच्या जागी पावले टाकणे आणि कळ दाबून तरंगत जाणे. 'मी खरोखरच तिथे आहे' ही जाणीव कळ दाबणाऱ्यांपेक्षा पाय हलवणाऱ्यांना अधिक झाली. आणि सर्वांत सहज ठरले ते खरे चालणे.

पण खोलीला भिंती असतातच. त्यावर २००१ साली तेथल्याच शरीफ रझाक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी गमतीची युक्ती काढली. चालणाऱ्याच्या नकळत चित्र किंचित फिरवत राहायचे. त्याला वाटते, आपण सरळ पुढे चाललो आहोत. पाय मात्र खोलीतल्या खोलीत वळत असतात. म्हणजे नकळत घडलेली प्रदक्षिणाच की!

त्या दिवसांत त्याच विद्यापीठात एक नाशिककर शिकत होते. त्यांचे नाव रमेश रासकर. १९९८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी खोलीच्या भिंतींचेच पडदे करण्याची कल्पना मांडली. आणि २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी 'कुंभथॉन'च्या निमित्ताने आपली विद्या जन्मगावी आणली.

वाचकहो, उद्या एखादा नातू गुडघे थकलेल्या आजीच्या डोळ्यांवर असले यंत्र चढवून तिला ब्रह्मगिरी दाखवील. अवश्य दाखवावा. पण बाळा, कळ दाबून तिला उडवत नेऊ नकोस. खुर्चीत बसल्या बसल्या का होईना, तिला पावले टाकू दे. पुण्याचा हिशेब देवाकडे. परंतु आपण तिथे जाऊन आलो, हे मनाला पटायला पायांची साक्ष लागते, एवढे या अर्ध्या शतकाच्या खटपटीने नक्की दाखवले आहे.