जावाचा चित्रकार आणि परका सिंह

पाहुणे आले की आपण त्यांना आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये नेतो, रेम्ब्रांट दाखवतो आणि दमून कॉफी प्यायला बसतो. याच संग्रहात ज्याची चित्रे आहेत, त्या राडेन सालेहकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

जावातल्या सेमारांगजवळच्या सरदार घराण्यातला हा तरुण १८२९ साली हॉलंडला आला. क्रुसेमानकडे तो व्यक्तिचित्रण शिकला, स्खेल्फहाउटकडे निसर्गचित्रण. पुढे त्याचे नाव झाले ते शिकारीच्या चित्रांमुळे. उधळलेले घोडे, झेपावणारा सिंह, भाले उगारलेले स्वार! गंमत अशी, की जावात सिंह नव्हतेच; तिथे होते वाघ. सालेहने सिंह पाहिले ते हेगमध्ये, आंरी मार्तां या फ्रेंच पशुशिक्षकाच्या पिंजऱ्यांत.

त्या काळी युरोपला अशा पूर्वेचे वेड होते. देलाक्रवा त्यासाठी १८३२ साली मोरोक्कोला जाऊन आला. सालेह तर स्वतःच पूर्वेचा! मग जर्मनीत तो राजपुत्राच्या भरजरी वेशात वावरू लागला आणि लोकांच्या मनातली पूर्व त्यांनाच रंगवून देऊ लागला.

मला हसू आले नाही. ऑफिसच्या समारंभाला 'तुमच्या पारंपरिक वेशात या' असे सांगितल्यावर मीही फेटा बांधून गेलो होतो. घरी तो लग्नाखेरीज कधी बांधला नव्हता.

पण सालेहची गोष्ट इथे संपत नाही. पेशवाई बुडाल्यावर सातच वर्षांनी, १८२५ साली, जावात राजपुत्र दिपोनेगोरो डचांविरुद्ध उठला. १८३० साली मागेलांगला वाटाघाटीसाठी बोलावून जनरल डी कॉकने त्याला कैद केले. पीनेमानच्या डच चित्रात तो शरण आलेला दिसतो. मायदेशी परतलेल्या सालेहने १८५७ साली तोच प्रसंग रंगवला. त्यात दिपोनेगोरो ताठ मानेने, संतापून उभा आहे आणि डच अधिकाऱ्यांची डोकी धडाच्या मानाने मोठी आहेत. काही अभ्यासकांना त्यांत जावातले राक्षस दिसतात. आणि हे चित्र सालेहने भेट दिले कोणाला? खुद्द डच राजाला!

१९७८ साली ते इंडोनेशियाला परत गेले. पीनेमानचे मात्र राइक्सम्युझियमच्या संग्रहात आहे. पुढच्या वेळी मुलांना त्याची गोष्ट सांगताना दुसऱ्या चित्राचीही जरूर सांगा. परक्यांना हवा तो सिंह रंगवणाऱ्या हातानेच ते काढले होते.